पहिल्या मिनिटानंतर काय? : प्रखर एलईडी टॉर्चची क्षमता आणि टिकाऊपणा

दोन सेलच्या जुन्या, बल्बच्या टॉर्चमधून साधारण १० ते १५ लुमेन उजेड पडायचा. मोटारीच्या हेडलाइटमधला ५५ वॅटचा एच-४ हॅलोजन बल्ब लो-बीमवर सुमारे १,००० लुमेन देतो. आज मुठीत मावणाऱ्या एलईडी टॉर्चच्या खोक्यावर ५,००० किंवा १०,००० लुमेन छापलेले असतात, आणि ऑनलाइन दुकानांत काहीशे रुपयांच्या टॉर्चपुढे लाखाचा आकडाही दिसतो. यांतले काही आकडे खरे असतात, काही पहिल्या मिनिटापुरते खरे, आणि पुष्कळसे निव्वळ थापा.

रात्री उसाला दारे धरायला जाणारा शेतकरी, पावसात खांबावर चढणारा लाइनमन, गडावर रात्रीची चढाई करणारा ट्रेकर आणि कोकण रेल्वेच्या मार्गावर पावसाळी गस्त घालणारा कर्मचारी, या सगळ्यांना उजेड तासन् तास लागतो. त्यामुळे टॉर्चची पारख करताना पहिल्या क्षणाचा लखलखाट बाजूला ठेवून तीन गोष्टी तपासाव्या लागतात : पाच मिनिटांनंतर किती प्रकाश उरतो, तो कुठवर आणि कसा पडतो, आणि दोन-तीन पावसाळे काढल्यावर टॉर्च चालू होते का. या लेखात या तिन्हींचा आढावा घेतला आहे.

बल्बपासून चिपपर्यंत

विजेवर चालणाऱ्या हातटॉर्चचे अमेरिकी पेटंट १८९९ सालचे, डेव्हिड मिसेल यांचे. पुढची ऐंशी-नव्वद वर्षे टॉर्च म्हणजे तारेचा बल्ब, पत्र्याची किंवा पितळेची नळी आणि झिंक-कार्बनचे सेल. बदल झाला तो मुख्यतः बांधणीत. १९७९ मध्ये अमेरिकेत आलेल्या मॅगलाइटने अ‍ॅल्युमिनियमचे जाड, रबरी रिंगांनी बंद केलेले नळकांडे पोलीस आणि अग्निशमन दलाच्या हाती दिले. टॉर्च ही टिकाऊ हत्यारासारखी वस्तू असू शकते, हे तिथपासून रूढ झाले. प्रकाश मात्र बल्बचाच राहिला, आणि बल्ब एका वॅटमागे जेमतेम १० ते १५ लुमेन देतो.

निक होलोनयॅक यांनी १९६२ मध्ये लाल एलईडी बनवला, पण पांढऱ्या प्रकाशासाठी निळा एलईडी हवा होता. तो इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांच्या कामातून १९९० च्या दशकात व्यवहारात आला. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल या तिघांना त्यासाठीच मिळाले. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की डोळ्याला पांढरा प्रकाश दिसतो. आजच्या जवळपास प्रत्येक टॉर्चमध्ये हीच युक्ती आहे.

टॉर्चच्या दृष्टीने खरी उडी २००६ नंतरची. त्या वर्षी क्री कंपनीचा एक्सआर-ई एलईडी आला. चारच वर्षांनी त्याच कंपनीच्या एक्सएम-एल या एकट्या एलईडीने ३ अँपिअरच्या प्रवाहावर सुमारे १,००० लुमेनचा टप्पा गाठला. याच काळात एकाच पायावर चार चिपा बसवलेले एलईडी आले, मग एका टॉर्चमध्ये असे अनेक एलईडी. इमालेंट या चिनी कंपनीची एमएस-१८ ही टॉर्च १,००,००० लुमेनचा दावा करते. त्यासाठी तिच्यात १८ मोठे एलईडी, सेलचा भलामोठा पॅक आणि थंड करायला पंखे आहेत. वजन दोन किलोच्या घरात आहे, आणि एवढे करूनही पूर्ण झोत एखाद्या मिनिटाच्या आसपासच टिकतो. लाख लुमेनची खरी किंमत अशी असते. काहीशे रुपयांच्या, एका सेलच्या टॉर्चवर तोच आकडा दिसला तर पुढे काही तपासायची गरजच उरत नाही.

लुमेन किती, कँडेला किती

लुमेन म्हणजे टॉर्चमधून सर्व बाजूंनी मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती दूर जातो हे लुमेन सांगत नाही. ते सांगते कँडेला, म्हणजे झोताच्या मध्यभागाची तीव्रता. बागेतल्या रबरी नळीला पाणी तेवढेच येत असते, पण तोंडाशी अंगठा दाबला की धार कुंपणापार जाते. लुमेन आणि कँडेला यांचे नाते असेच आहे. खोल, गुळगुळीत परावर्तक आणि लहानसा एलईडी असला की झोत अरुंद आणि लांब पल्ल्याचा होतो. उथळ, खडबडीत परावर्तक किंवा मोठा एलईडी असला की उजेड पायांपाशी रुंद पसरतो.

पल्ल्याचा हिशेब सोपा आहे. कँडेलाच्या आकड्याचे वर्गमूळ काढायचे आणि त्याची दुप्पट करायची. येतात ते मीटर. १०,००० कँडेलाची टॉर्च २०० मीटर, ४०,००० ची ४०० मीटर. म्हणजे पल्ला दुप्पट व्हायला तीव्रता चौपट लागते. त्या अंतरावर प्रकाश उरतो पाव लक्स, म्हणजे साधारण निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेएवढा. तेवढ्या उजेडात बांधावर काहीतरी हलते आहे एवढे कळेल, पण ते काय आहे हे ओळखू येईलच असे नाही. काम करण्याजोगा पल्ला छापलेल्या अंतराच्या निम्मा धरावा, हे बरे.

डोळ्याचाही हिशेब वेगळा असतो. प्रकाश दुप्पट झाला म्हणून तो दुप्पट उजळ वाटत नाही. तसा वाटायला लुमेन चौपट किंवा त्याहूनही अधिक वाढवावे लागतात. १,००० आणि १,३०० लुमेनमधला फरक दोन टॉर्च शेजारी धरल्याशिवाय सहसा कळतही नाही. त्या तीनशे लुमेनसाठी जास्त पैसे मोजण्याआधी हे लक्षात ठेवावे.

मोजण्याचा नियम आणि त्यातली फट

२००९ पर्यंत प्रत्येक कंपनी आपापल्या पट्टीने लुमेन मोजत होती. त्या वर्षी अमेरिकेत एएनएसआय एफएल-१ हे मानक आले, आणि नंतर २०१६ आणि २०१९ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. चांगल्या टॉर्चच्या खोक्यावर लहान चौकटींत जी चित्रे दिसतात, म्हणजे प्रकाश, पल्ला, चालण्याचा वेळ, पडझड आणि पाणी, ती या मानकाची. ते पाळणे ऐच्छिक आहे, तरी निदान सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजावे एवढी शिस्त त्यातून आली.

या मानकात प्रकाश मोजला जातो तो टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंद ते दोन मिनिटे या काळात. चालण्याचा वेळ मोजतात तो प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. हे दोन नियम एकत्र वाचले की फट दिसते. समजा एक टॉर्च ३,००० लुमेनवर सुरू झाली, दोन मिनिटांनी आपणहून ४०० वर उतरली आणि पुढे चार तास तिथेच राहिली. चार तासांनी ती ३०० च्या खाली गेली. मानकाप्रमाणे खोक्यावर '३,००० लुमेन, ४ तास' असे छापता येते, आणि यात नियमाने काहीच खोटे नाही. ग्राहक मात्र ३,००० लुमेन चार तास मिळतील असे समजतो.

म्हणून जाणकार परीक्षक दोन आकड्यांऐवजी आलेख मागतात : आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर प्रकाश. काही आलेख पहिल्या मिनिटात कड्यासारखे कोसळतात आणि मग सपाट चालतात. काही सेल उतरेल तसे हळूहळू खाली घसरत राहतात. सर्वांत उपयोगी टॉर्च ती, जिची सपाट रेषा लांब आणि पुरेशी उंच असते. टॉर्चची एका ओळीत पारख करायची तर ही सपाट रेषा किती लुमेनवर आहे, एवढेच विचारावे.

उष्णतेपुढे कोणाचे चालत नाही

प्रकाश कोसळतो त्याला मुख्य कारण उष्णता आहे. बल्ब आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने पुढे फेकून देत असे. एलईडीच्या झोतात तशी उष्णता जवळपास नसते. ती चिपच्या तळाशी साठते. जोरात चालवलेल्या पांढऱ्या एलईडीत विजेचा निम्म्याहून जास्त भाग उष्णतेतच जातो. ही उष्णता चिपमधून तांब्याच्या पाटीत, तिथून टॉर्चच्या अ‍ॅल्युमिनियमच्या अंगात, आणि अंगातून हाताला आणि हवेला जाते.

हिशेब मांडून पाहू. दीडशे ग्रॅम अ‍ॅल्युमिनियमच्या टॉर्चला १०० वॅट दिले आणि त्यातले ६० वॅट उष्णतेत गेले, तर तिचे अंग मिनिटाला सुमारे २७ अंशांनी तापते. ३० अंशांवर लावलेली टॉर्च मिनिटभरात ५७ अंशांवर जाते आणि धरवत नाही. टॉर्चच्या आतल्या नियंत्रकाने, म्हणजे ड्रायव्हरने, प्रवाह कमी केला नाही तर आधी हात भाजेल, मग सेल तापेल. म्हणून चांगल्या टॉर्च तापमान पाहून प्रकाश उतरवतात. साध्या टॉर्च घड्याळ पाहून उतरवतात : मिनिट झाले की खाली, मग बाहेर डिसेंबरातले महाबळेश्वर असो की मे महिन्यातले चंद्रपूर. सर्वांत वाईट प्रकार काहीच न उतरवणाऱ्या टॉर्चचा. त्यांत सोल्डर आणि सेल दोन्ही धोक्यात असतात.

हवेत फक्त अंगातून उष्णता सोडणारी तळहाताएवढी टॉर्च काही वॅटच पेलू शकते. त्यामुळे एका सेलच्या, खिशात मावणाऱ्या टॉर्चचा टिकणारा प्रकाश बहुधा ५०० ते ८०० लुमेनच्या आसपास स्थिरावतो, खोक्यावर २,००० लिहिलेले असो की ५,०००. जास्त हवा असेल तर धातू जास्त लागतो, अंगावर जाड कंगोरे लागतात, आणि वजन वाढते. टॉर्च हलकी, छोटी आणि तासभर ३,००० लुमेन देणारी, असे निसर्ग तूर्त देत नाही. विदर्भ-मराठवाड्यात ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तर सपाट रेषा आणखी खाली येते, कारण टॉर्च आणि हवा यांच्या तापमानातला फरकच कमी होतो. वारा असला, किंवा टॉर्च हातात धरून चालत असलो, तर ती थोडी वर जाते.

सेल : खरी शक्ती इथे

आजच्या प्रखर टॉर्च लिथियम-आयन सेलवर चालतात. त्यांची नावे मापांवरून पडली आहेत : १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी, २१७०० म्हणजे २१ आणि ७०. चांगल्या १८६५० सेलची क्षमता ३,५०० एमएएचच्या आसपास असते, २१७०० ची ५,००० च्या आसपास. बाजारात ९,९०० एमएएच लिहिलेले १८६५० सेल सर्रास मिळतात. तेवढी क्षमता त्या आकारात बसतच नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे कामाला येतो : अस्सल १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो, २१७०० सुमारे ७० ग्रॅम. तीसएक ग्रॅम भरला तर आत काय आहे हे विचारायची गरज नाही.

याच्यावरून दावे तपासण्याची एक पट्टी मिळते. ५,००० एमएएचला ३.६ व्होल्टने गुणले की १८ वॅट-तास येतात. संपूर्ण टॉर्चचा हिशेब एका वॅटला १०० लुमेन असा धरा. मंद पातळीवर यापेक्षा जास्त मिळतात, पूर्ण जोरावर कमी. म्हणजे एका २१७०० सेलमध्ये सुमारे १,८०० लुमेन-तास आहेत : १,८०० लुमेन एक तास, किंवा ६०० लुमेन तीन तास, किंवा १८० लुमेन दहा तास. '१०,००० लुमेन, ८ तास' असा दावा असेल तर ते ८०,००० लुमेन-तास झाले, आणि त्यांना असे चाळीसच्या वर सेल लागतील. टॉर्चच्या नळीत किती बसतात ते उघडून पाहावे.

सेल निवडताना आणखी काही पाहायचे असते. सेल ग्राहकाला बदलता येतो का? अनेक टॉर्चमध्ये तो आत चिकटवलेला असतो. दोन-तीन वर्षांत लिथियमची क्षमता घटते, आणि मग सेलबरोबर अख्खी टॉर्च टाकावी लागते. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलना आयएस १६०४६ या मानकाखाली बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. तो नोंदणी क्रमांक सेलवर किंवा खोक्यावर शोधावा. अनेक सेल एकत्र घालायच्या टॉर्चमध्ये जुना-नवा, वेगळ्या कंपनीचा सेल मिसळू नये. एक सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याला उलट दाबतात, आणि अपघात तिथे होतो.

स्वस्त रिचार्जेबल टॉर्चमध्ये अजूनही ४ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने कपाटात राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे बसतात आणि पुन्हा चार्ज घेत नाही. 'पावसाळ्यात काढली तर लागेचना' या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा हेच असते. अल्कलाइन सेल वेगळा त्रास देतात. ते फुटून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळते आणि आतल्या स्प्रिंगा खाऊन टाकते. टॉर्च महिनाभर पडून राहणार असेल तर असे सेल काढून ठेवावेत. लिथियमचा सेल अर्धाअधिक भरलेल्या अवस्थेत, थंड जागी ठेवावा. पूर्ण भरून तापलेल्या गाडीत ठेवला की तो लवकर म्हातारा होतो. हिमालयात जाणाऱ्यांना याची उलट बाजू ठाऊक असते : कडाक्याच्या थंडीत सेल दमतो, म्हणून जादा सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायचा.

कोणता झोत कोणाला

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक मृत्यू खेड्यांतले, आणि निम्मे पावसाळ्याच्या चार महिन्यांतले. महाराष्ट्रात कृषिपंपांना थ्री-फेज वीज पाळ्यांनी मिळत आली आहे, आणि रात्रीची पाळी असली की अंधारात पाणी धरायला जावे लागते. मण्यार तर रात्रीच हिंडते. त्यामुळे टॉर्चचा विचार इथे थेट जिवाशी जोडलेला आहे.

अशा शेतकऱ्याला ८०० मीटर पल्ल्याची टॉर्च विकली जाते, आणि तिथेच चूक होते. बिबट्याच्या डोळ्यांत परावर्तक पडदा असतो. लांबून झोत टाकला की ते चमकतात. सापाचे डोळे तसे चमकत नाहीत. पाचोळ्यातले फुरसे किंवा घोणस दिसते ती अंगावरच्या रंगांवरून आणि खुणांवरून, तेही चार-पाच पावलांवर. तिथे हवा रुंद, सारखा पसरलेला आणि रंग खरे दाखवणारा उजेड. निळसर पांढऱ्या, रंगदर्शकता (म्हणजे रंग किती खरे दिसतात याचे माप) ७० च्या आसपास असलेल्या एलईडीत तपकिरीच्या छटा एकमेकींत मिसळतात. ९० च्या वर रंगदर्शकता असलेल्या, थोड्या उबदार एलईडीत त्या सुट्या होतात. असे एलईडी एका वॅटला लुमेन थोडे कमी देतात, म्हणून खोक्यावरचा आकडा लहान होतो आणि दुकानदार त्यांची भलामण करत नाही. पायवाटेवर चालणाऱ्यासाठी मात्र तोच सौदा चांगला.

ट्रेकर आणि लाइनमन यांना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून त्यांना हेडलॅम्प बरा. पण सह्याद्रीत जुलै-ऑगस्टच्या धुक्यात कपाळावरचा झोत थेंबांवरून परतून थेट डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथे टॉर्च कमरेखाली धरून, पातळी कमी करून पायांपुढे टाकावी. पिवळा प्रकाश धुके भेदतो ही समजूत फारशी खरी नाही. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींपेक्षा इतके मोठे असतात की ते सगळेच रंग जवळपास सारखे विखरतात. उबदार प्रकाश फक्त डोळ्याला कमी टोचतो. रेल्वेमार्गावर गस्त घालणाऱ्याला आणि खाडीत होडी नेणाऱ्याला लांबचे पाहायचे असते. त्यांच्यासाठी कँडेला महत्त्वाचे. काजवे पाहायला राजमाची-भंडारदऱ्याकडे जाणाऱ्यांना मात्र पाच-दहा लुमेनची सर्वांत मंद पातळीच पुरते, आणि काजव्यांपाशी तीही बंदच हवी. प्रखर झोताने त्यांचे लुकलुकते संकेत आणि मीलन बिघडते.

टिकाऊपणा : एलईडी जात नाही, बाकीचे जाते

खोक्यावर '५०,००० तास' लिहिलेले असते. एलईडीची चाचणी किमान ६,००० तास केली जाते आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधला जातो. आयुष्य संपले असे धरतात ते प्रकाश ७० टक्क्यांवर आला की. रोज दोन तास टॉर्च वापरली तरी ५०,००० तास म्हणजे ६८ वर्षे. एवढी वर्षे टॉर्चचा दुसरा कोणताच भाग टिकत नाही. ठरावीक मर्यादेत चालवलेला एलईडी टॉर्चचा सर्वांत टिकाऊ भाग असतो, आणि जाहिरात नेमकी त्याचीच असते.

आधी जातो तो स्विच. मागच्या टोकाचा यांत्रिक स्विच हजारो खटक्यांनी ढिला होतो. तो स्वस्त, बदलता येण्याजोगा भाग असला तर काळजी नाही. बाजूचा इलेक्ट्रॉनिक स्विच फारसा झिजत नाही, पण बंद असतानाही सेलमधून थोडा प्रवाह ओढतो आणि बॅगेत दाबला जाऊन आपोआप लागतो. प्रखर टॉर्च बॅगेत लागली तर कापड जळू शकते. म्हणून प्रवासात मागचे टोपण पाव फेरा सैल करून ठेवावे.

मग पाणी. आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आयपीएक्स-८ म्हणजे कंपनीने सांगितलेल्या त्याहून कडक अटीत. 'एक्स' असेल तिथे धुळीची चाचणी केलेली नाही. धुळीसाठी आयपी-६८ मधला पहिला आकडा पाहावा. या सगळ्या चाचण्या नव्या टॉर्चच्या आहेत. दोन वर्षांनी टोपणातली रबरी रिंग सुकते, आट्यांत माती बसते, आणि चार्जिंगच्या खाचेवरचे रबरी झाकण उघडझाक करून सैल होते. पाणी बहुतेक त्याच झाकणातून शिरते. वर्षातून एकदा आट्या पुसून रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा हात द्यावा आणि जादा रिंगा जपून ठेवाव्यात.

पडण्याची चाचणी एक मीटरपासून, काँक्रीटवर, सहा वेगवेगळ्या बाजूंनी करतात. पोचे पडले तरी चालतात, टॉर्च चालू राहिली पाहिजे. प्रत्यक्षात नुकसान आतून होते : सेल धक्क्याने पुढे येऊन ड्रायव्हरच्या पाटीवर आदळतो, एखादा सुटा घटक सोल्डरमधून सुटतो. दोन्ही टोकांना स्प्रिंग असलेली आणि आत राळ भरलेली टॉर्च अशा वेळी वाचते. बाहेरच्या अंगावर तिसऱ्या प्रकारचे, म्हणजे कडक अ‍ॅनोडायझिंग असावे. रंगवलेले किंवा पातळ अ‍ॅनोडायझिंग केलेले अंग किल्ल्यांबरोबर खिशात राहिले की उघडे पडते.

किनारपट्टीवर गंजाचा विषय वेगळाच असतो. अ‍ॅल्युमिनियमचे अंग, पोलादी स्प्रिंग आणि पितळी भाग यांच्यामध्ये खारट ओल आली की विद्युत-रासायनिक गंज सुरू होतो आणि आट्या जाम होतात. रत्नागिरी-मालवणच्या कोळ्याने किंवा गोव्याच्या खलाशाने समुद्रावरून आल्यावर टॉर्च गोड्या पाण्याने धुऊन, उघडून वाळवली तर तिचे आयुष्य सहज वाढते. मोठा पॅक, पंखा आणि डिजिटल पडदा असलेली टॉर्च इथे टिकायला अवघड. भाग जितके कमी, तितके बिघाड कमी.

घरच्या घरी पारख

प्रयोगशाळा नसली तरी बरेच कळते. फोनवर लक्स मोजणारे अ‍ॅप घ्या. त्याचा आकडा अचूक नसतो, तुलनेला पुरतो. अंधाऱ्या खोलीत टॉर्च छताकडे तोंड करून उभी करा, फोन बाजूला जमिनीवर ठेवा, आणि लावल्याबरोबर, मिनिटाने, पाच मिनिटांनी आणि अर्ध्या तासाने आकडा टिपा. दोन टॉर्चची तुलना करताना जागा बदलू नका. पाचव्या मिनिटाचा आकडा पहिल्याच्या किती टक्के आहे, यावर खोक्यावरच्या दाव्याची लायकी ठरते. पल्ला पाहायचा तर पाच मीटरवरून झोताच्या मध्याचा लक्स मोजा आणि २५ ने गुणा. साधारण कँडेला मिळते.

टॉर्च हातात घेऊन टोपण उघडून पाहा. आट्या चौकोनी, गुळगुळीत आणि खोल असाव्यात. रिंग एक नव्हे, दोन असतील तर उत्तम. सेल बदलता येतो का, तो प्रचलित मापाचा आहे का, हे तिथेच कळते. मोबाइलचा कॅमेरा झोतात धरा. मंद पातळीवर पडद्यावर काळे पट्टे सरकले तर ड्रायव्हर प्रकाश लुकलुकवून मंद करतो. याने काहींचे डोके दुखते. पाण्याचा दावा असेल तर पहिल्याच दिवशी अर्धा तास बादलीत बुडवून पाहा, वॉरंटी असताना. आत दमट धुके दिसले तर परत करा.

निवाडा

प्रखर एलईडी टॉर्चनी गेल्या दोन दशकांत खरी क्रांती केली आहे, यात शंका नाही. बल्बपेक्षा दसपट कार्यक्षमता, दहा तास टिकणारा काम भागवणारा उजेड आणि पावसात बंद न पडणारी बांधणी आज मध्यम किमतीतही मिळते. बाजाराने मात्र या सगळ्यातून सर्वांत निरुपयोगी गोष्ट निवडून विकायला काढली : पहिल्या मिनिटाचा आकडा. एका सेलच्या टॉर्चमध्ये १,००० पुढचे बहुतेक लुमेन दाखवण्यापुरते असतात.

घरी, शेतावर किंवा डोंगरात वापरायला एकच टॉर्च घ्यायची असेल तर ती अशी घ्यावी : तासभर ५०० च्या आसपास लुमेन टिकवणारी, २१७०० चा बदलता येणारा, नोंदणीकृत सेल असलेली, रुंद झोताची, रंगदर्शकता ९० च्या वर, किमान आयपीएक्स-७, अ‍ॅल्युमिनियमचे कडक अ‍ॅनोडायझिंग केलेले अंग, आणि स्विच व रबरी रिंगा सुट्या मिळणारी. लांब पल्ला हवा असेल तर दुसरी, वेगळी टॉर्च घ्यावी. दोन्ही गोष्टी एकीतच शोधल्या तर दोन्ही अर्ध्याच मिळतात. जुने सेल कचऱ्यात टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आणि दुकानात विचारायचा प्रश्न एकच : 'अर्ध्या तासानंतर किती लुमेन?' ज्या कंपनीने याचे उत्तर खोक्यावर आलेखासह छापले आहे, तिची टॉर्च घ्या.